फेरारी (आडनाव)

इटलीतील एक व्यवसायवाचक आडनाव. मूळ अर्थ लोहार. इटालियन उच्चार ‘फेर्रारी’, रकार दुहेरी. लॅटिनमध्ये लोखंड म्हणजे ‘फेर्रुम’ आणि लोखंडकाम करणारा ‘फेर्रारिउस’. त्यावरून बोलींत ‘फेर्रारो’सारखे शब्द आले. शेवटची ‘ई’ अनेकवचनाची. आपण ‘लोहारांचा मुलगा’ म्हणतो, तसाच हा घराण्याचा निर्देश.

मध्ययुगात नुसत्या नावाने ओळख पटेना, तेव्हा दस्तांत नावापुढे बापाचे नाव, गाव किंवा धंदा लिहू लागले. गावात जोव्हान्नी चार असत, लोहार मात्र बहुधा एकच. नाल, खिळे, नांगराचा फाळ यांच्यासाठी त्याचा भाता गावोगाव लागतच असे. म्हणून हे आडनाव एका मूळपुरुषापासून पसरलेले नाही. ते ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडले आणि दोन फेरारी एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने 1563 मध्ये चर्चमध्ये विवाहांची नोंदवही ठेवणे सक्तीचे केले. अशा नोंदींमुळे आडनावे पक्की झाली. पुढच्या पिढ्यांनी ऐरण सोडली तरी कागदावरचा लोहार राहिला. चतुर्घात (चौथ्या घाताच्या) समीकरणाची उकल शोधणारा बोलोन्याचा लोदोविको फेरारी (1522–1565) गणिती होता.

इटलीतील सर्वांत प्रचलित आडनावांत रोस्सी व रूस्सो यांच्या खालोखाल फेरारीचा क्रमांक लावतात. ती दोन्ही तांबूस केसांवरून पडलेली, त्यामुळे धंद्यावरून आलेल्या आडनावांत फेरारीच पहिले. वस्ती मुख्यतः उत्तरेत: लोंबार्दी, एमिलिया-रोमान्या, लिगुरिया.

खरी गंमत रूपांत आहे. आजच्या प्रमाण इटालियनमध्ये लोहाराला ‘फाब्ब्रो’ म्हणतात. तो ‘फाबेर’ या दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून आला. त्यापासून झालेले फाब्ब्री तोस्काना-रोमान्यात, तर फावारो व्हेनेतोत आढळते. प्येमोंतेत फेर्रेरो आणि फेर्रारिस भेटतात. आल्बा गावचा प्रसिद्ध चॉकलेट-कारखाना (स्थापना 1946) त्याच फेर्रेरो नावाचा. दक्षिणेत, विशेषतः कालाब्रियात, फेर्रारो. सार्दिनियात तर लोहार ‘फ्राऊ’ होतो. जर्मन ‘फ्राऊ’शी (बाई, श्रीमती) त्याचा काहीही संबंध नाही. कोणत्या मुलखात लोहाराला काय म्हणत, याचा जुना नकाशाच या आडनावांत टिकून आहे. फेर्रारा या आडनावाने मात्र फसू नये. त्यामागे अनेकदा त्या नावाचे शहर असते.

जगभर हे नाव पोचले ते मोदेनाच्या एन्झो फेरारीच्या (1898–1988) मोटारींमुळे. त्याच्या वडिलांचा घरालगतच धातुकामाचा कारखाना होता; आडनाव आणि धंदा यांची गाठ तिथे पुन्हा पडली. स्थलांतरितांबरोबर ते ब्राझील व अर्जेंटिनातही रुजले. गोव्यातील फेरेरा मात्र इटलीहून आलेले नाहीत. ते आडनाव पोर्तुगीज अमलात आले. मुळाशी लोखंडाचा लॅटिन शब्द तोच.