पांढऱ्या मिठाखालचा काळा चिखल

मिठाचं मैदान म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते पांढरंशुभ्र कवच. बोलिव्हियातलं सालार दे उयुनी हे जगातलं सर्वांत मोठं, सुमारे १०,००० चौरस किलोमीटर. ते इतकं सपाट आहे की उपग्रहांवरची उंची मोजणारी उपकरणं त्यावर तपासून घेतात. पण माझ्या मते खरी गंमत अशा मैदानांच्या कडेला आहे, जिथे कवच पातळ असतं. टाचेखाली ते कुरकुरत फुटतं, पाय काळ्याकुट्ट चिखलात जातो आणि सडक्या अंड्यांचा भपकारा येतो.

रंग आणि वास, दोन्ही जिवाणूंची करणी. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाळात प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू त्याऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास येतो तो या वायूचा. गाळातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला की काळं लोह सल्फाइड तयार होतं. मूठभर चिखल बाहेर काढून ठेवा: हवा लागेल तशी वरची बाजू राखाडी पडते, गोळा फोडला तर आतून काळाच.

या चिखलात लोळायला लोक लांबून येतात ते उबेसाठी. गरम पाणी अंगाभोवती सतत हलतं, त्यामुळे लवकर निवतं. घट्ट चिखलात असे प्रवाह वाहत नाहीत, म्हणून ऊब टिकते आणि आखडलेल्या सांध्यांना बरं वाटतं. ‘चिखल शरीरातली विषारी द्रव्यं ओढून घेतो’ हे मात्र सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

आणि बुडण्याची भीती? अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की वाळू, चिकणमाती आणि खारं पाणी यांच्या दलदलीची घनता पाण्याच्या जवळपास दुप्पट असते. माणूस साधारण कमरेपर्यंत जातो आणि तरंगत राहतो. अडचण पुढेच आहे. हलवलं की दलदल पातळ होते, मग गाळ खाली बसतो आणि पायाभोवती घट्ट आवळतो. पाय सेकंदाला १ सेंटिमीटर वेगाने उपसायचा तर मध्यम आकाराची मोटार उचलण्याइतकं बळ लागतं! म्हणून हिसके देऊ नयेत. मागे रेलावं, पाय हळूहळू हलवत राहावा. फटीतून पाणी खाली उतरलं की गाळाची पकड सुटते.