गेम इंजिन परवाना

दुसऱ्याने घडविलेले गेम इंजिन आपल्या व्हिडिओ गेममध्ये ठरावीक अटींवर वापरण्याची, इंजिनाच्या मालकाने दिलेली परवानगी. पडद्यावर चित्र उमटविणे, वस्तूंची गती व टक्कर मोजणे, आवाज वाजविणे ही जवळजवळ प्रत्येक खेळात लागणारी कामे इंजिन करते. कथा, चित्रे, नियम व संगीत निर्मात्याचे असते. परवान्याने इंजिनाची मालकी मिळत नाही. मालवण, रत्नागिरी किंवा अलिबाग येथे घरी बसून, प्रकाशकाचा पैसा न घेता खेळ करणाऱ्याला असा परवाना मिळविणे आज काही मिनिटांचे काम आहे. त्याच्या अटी समजून घेणे तितके सोपे नाही. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अशा स्वतंत्र निर्मात्याचा विचार केला आहे.

उगम : ही प्रथा केव्हा सुरू झाली याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखक ती अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरपासून मोजतात. ‘डूम’चे (१९९३) इंजिन घेऊन रेव्हन सॉफ्टवेअरने ‘हेरेटिक’ (१९९४) केला आणि ‘क्वेक’च्या (१९९६) इंजिनात फेरफार करून व्हॉल्व्हने ‘हाफ-लाइफ’ (१९९८) उभा केला. हे व्यवहार कंपन्यांमध्ये वाटाघाटींनी ठरत. पुढच्या काळात रक्कम लाखो डॉलरच्या घरात जाई, असे सांगतात. एकट्यादुकट्या निर्मात्याला त्यात शिरकाव नव्हता.

दुसरा पक्ष १९८० च्या दशकाकडे जातो. वेल्समधील गिलसॉफ्टने १९८३ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी ‘द क्विल’ हे साधन बाजारात आणले. त्यातून रचलेला शब्दप्रधान साहसखेळ निर्मात्याला स्वतः विकता येई. त्यावर रॉयल्टी (विक्रीतील वाटा) नव्हती. खेळात साधनाचा उल्लेख करावा, एवढी विनंती असे. फ्रीस्केप या त्रिमितीय इंजिनावर आधारलेला ‘थ्रीडी कन्स्ट्रक्शन किट’ (१९९१) याच वळणाचा. अशा साधनांचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) मिळत नसे, म्हणून त्यांना इंजिन म्हणू नये हा आक्षेप रास्त आहे. तथापि लहानशी ठोक किंमत, विक्रीची मोकळीक आणि श्रेयाचा उल्लेख या अटींकडे पाहिले, तर आजच्या स्वतंत्र निर्मात्याचा परवाना इड सॉफ्टवेअरपेक्षा गिलसॉफ्टला अधिक जवळचा ठरतो. दोन्ही धारा २००१ च्या सुमारास एकत्र आल्या, असे मानण्यास हरकत नाही. त्या वेळी गॅरेजगेम्सने ‘ट्राइब्स २’मागचे इंजिन ‘टॉर्क’ या नावाने, सोर्स कोडसह, प्रति प्रोग्रामर सुमारे १०० डॉलरला देऊ केले. युनिटी या इंजिनाची (२००५) मोफत आवृत्ती आणि एपिक कंपनीच्या अनरियल इंजिनाचे अनरियल डेव्हलपमेंट किट ही दोन्ही २००९ मधली.

मोबदला : खोतीच्या काळात कोकणात जमिनीचा मोबदला एक तर ठरीव मक्त्याने किंवा पिकाच्या अर्धेल-तिर्धेल वाट्याने दिला जाई, इंजिनाच्या मोबदल्याचेही हेच दोन मुख्य मार्ग आहेत. युनिटी इंजिन वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीमागे वर्गणी घेते आणि ठरावीक उत्पन्नाखाली तीही घेत नाही. गेममेकर या इंजिनाने नोव्हेंबर २०२३ पासून व्यापारी वापरासाठी एकरकमी ९९.९९ डॉलर ठेवले. अनरियल वाटा घेते : २०२० पासून एका खेळाच्या आयुष्यभराच्या एकूण विक्रीतील पहिले १० लाख डॉलर सोडून वरच्या रकमेवर ५ टक्के. इथे ‘एकूण’ याकडे दुर्लक्ष होते. विक्री १२ लाख डॉलरची झाली, तर विक्रीमंचाने (खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने) आपला ३० टक्के हिस्सा कापून घेतलेला असला तरी रॉयल्टी २ लाखांवर, म्हणजे १०,००० डॉलर होते. एपिकच्या स्वतःच्या दुकानातील विक्री यातून वगळली जाते.

खुल्या परवान्यांचा, म्हणजे सोर्स कोड सर्वांना वापरू देणाऱ्या परवान्यांचा, वर्ग वेगळा. अर्जेंटिनात घडलेले गोडॉट हे इंजिन २०१४ मध्ये एमआयटी या खुल्या परवान्याखाली आले. त्यात मोबदला नाही. स्वामित्वसूचना व परवान्याचा मजकूर खेळासोबत ठेवावा लागतो आणि ही एकच अट नवखे विसरतात. इड सॉफ्टवेअरची जुनी इंजिने जीपीएल या दुसऱ्या खुल्या परवान्याखाली आहेत (‘क्वेक ३’चे २००५ मध्ये). ती वापरून खेळ विकता येतो, परंतु खेळाबरोबर आपला बदललेला कोडही द्यावा लागतो. चित्रे व संगीत राखून ठेवता येते. अटी कोणी वाचत नाही या समजुतीची गंमत ॲमेझॉनने लम्बरयार्ड या आपल्या इंजिनाच्या करारात २०१६ मध्ये केली : जीवितसुरक्षेच्या यंत्रणांत इंजिन वापरण्याची बंदी झाँबींची साथ आल्यास उठेल, असे एक कलमच त्यात होते.

अटींतील बदल : परवाना घेतल्यावर अटी बदलल्या, तर कोणत्या अटी लागू होतात हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. जानेवारी २०१९ मध्ये इम्प्रॉबेबल कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीने जुन्या आवृत्तीवर राहणाऱ्यास जुन्याच अटी पाळण्याची मुभा दिली. ती नंतरच्या अटींतून गेली. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने खेळाच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले. मोफत आवृत्ती वापरणाऱ्यांसाठी ते वर्षाचे उत्पन्न २ लाख डॉलर व एकूण इन्स्टॉल २ लाख या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावर २० सेंट असे होते. विरोधानंतर दहा दिवसांत ते सौम्य केले गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द झाले. अटी स्वीकारल्या त्या दिवसाची प्रत जपून ठेवावी, असा सल्ला तेव्हापासून सर्रास दिला जातो.

भारतीय कायदा : संगणकप्रणाली कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार साहित्यकृतीत मोडते. कलम ३० खाली परवाना लेखी हवा. पूर्वी मालकाची सहीही लागे. २०१२ च्या दुरुस्तीने ती अट वगळली. ‘मान्य आहे’ या बटणावर झालेला करार केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपामुळे अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १०-अ मध्ये आहे. मात्र भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. बारावीतल्या मुलाने व्यापारी खेळ करायचा, तर खाते पालकांच्या नावे काढणे हाच सरळ मार्ग.

परदेशी मालकाला रक्कम पाठवताना करकपातीचा प्रश्न येतो. अनिवासी व्यक्तीला देय रक्कम भारतात करपात्र असेल, तर देणाऱ्याने कर कापावा, हे तत्त्व १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम १९५ मध्ये होते आणि नव्या, २०२५ च्या अधिनियमातही आहे. इंजिनिअरिंग ॲनालिसिस सेंटर ऑफ एक्सलन्स या खटल्यात (२ मार्च २०२१) सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वापरकर्ता किंवा वितरक यांनी सॉफ्टवेअरच्या प्रतीसाठी दिलेले पैसे करसंधींच्या (दोन देशांतील करविषयक करारांच्या) अर्थाने रॉयल्टी नव्हेत, असा निर्णय दिला. त्यातून कॉपीराइटमधला कोणताही हक्क हस्तांतरित होत नाही, हे त्याचे कारण. इंजिनाची वर्गणी या चौकटीत सहज बसते. विक्रीतील वाट्याचे तसे नाही. येथे निर्मात्याला इंजिनाचा काही भाग खेळाच्या प्रत्येक प्रतीत उतरवून वितरित करण्याचा हक्क मिळतो आणि प्रती काढण्याचा हक्क तर कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १४ मधला, कॉपीराइटच्या गाभ्याचा आहे. काहींच्या मते हा हक्क आनुषंगिक असल्याने निर्णय इथेही लागू व्हावा. निर्णयाची कारणमीमांसा पाहता हा वाटा रॉयल्टीच मानावा हे पहिले, सावध मत अधिक ग्राह्य वाटते. तसे धरल्यास भारत-अमेरिका संधीच्या अनुच्छेद १२ प्रमाणे दर सामान्यतः १५ टक्के येतो. हा प्रश्न पडण्याइतकी विक्री होणे हीच आधी भाग्याची गोष्ट.

कोकणातील विशेष : मराठी किंवा मालवणी संवाद असलेल्या खेळात इंजिन निवडताना परवान्याइतकेच देवनागरीकडे पाहावे लागते. युनिटीतील मजकूर दाखविणारा टेक्स्टमेशप्रो हा भाग जोडाक्षरे जुळवीत नाही आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर पडते. गोडॉट ४ (२०२३) व अनरियल ही अक्षरजुळणी हार्फबझ या तयार साधनाच्या आधारे करतात. गोडॉटला खातेही लागत नाही, युनिटीच्या परवान्याची नोंदणी खात्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडून, होते. निसर्ग चक्रीवादळानंतर (३ जून २०२०) रायगड व उत्तर रत्नागिरीत अनेक गावे दीर्घकाळ विजेविना होती, हे पाहता हा फरक अगदीच किरकोळ नाही.

इंजिनाचा परवाना खेळातील सामग्रीला लागू होत नाही. सिंधुदुर्ग, जंजिरा अशा केंद्रसंरक्षित किल्ल्यांत व्यापारी चित्रीकरण करायचे, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी स्वतंत्र घ्यावी लागते. पिंगुळीच्या चित्रकथीतील जुन्या पोथ्यांची चित्रे आणि आज हयात असलेल्या कलावंताने काढलेली चित्रे यांची कायदेशीर स्थिती वेगळी आहे. जत्रेतल्या दशावताराचे ध्वनिमुद्रण खेळात वापरताना कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ३८ खालचे कलावंतांचे हक्क येतात. हार्मोनियम व पखवाज वाजविणारेही त्यात मोडतात आणि संमती मंडळाच्या मालकाची एकट्याची पुरत नाही.