चाचणीचाही दिवस असतो

वेलीला कोणतं अन्नद्रव्य कमी पडतंय हे सांगणारं पान-देठ परीक्षण कधी करायचं, हे द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिल छाटणीनंतर साधारण ४५ दिवस मोजायचे, मगच देठ प्रयोगशाळेत द्यायचे. घाई केली तर कागद हातात पडतो, पण बागेच्या कामाचा नसतो. शरीरसंबंधांतून होणाऱ्या संसर्गाच्या तपासणीलाही असाच दिवस असतो. तो माहीत नसला की माणूस दुसऱ्याच दिवशी लॅब गाठतो, नाहीतर वर्षानुवर्षं अंगावर काढतो.

समजा, नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातल्या एका तरुणाचा शनिवारी निरोधाशिवाय संबंध आला. सोमवारी त्याने एचआयव्हीची चाचणी केली, ‘निगेटिव्ह’ आली, आणि तो निश्चिंत झाला. पण त्या अहवालात शनिवारचं काहीच नाही. बहुतेक चाचण्या विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधतात आणि ती बनायला वेळ लागतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन होणाऱ्या जलद चाचणीला संसर्ग दिसायला २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं प्रथिनही ओळखते, म्हणून तिला १८ ते ४५ दिवस पुरतात. या मधल्या दिवसांत अहवाल स्वच्छ असतो, पण रक्तात विषाणू जोमाने वाढत असतो आणि जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही मोठा असतो.

त्या सोमवारी खरी घाई हवी होती ती औषधाची. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या एचआयव्हीची लागण रोखू शकतात. जितक्या लवकर, तितकं बरं. हे फार थोड्यांना ठाऊक असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात फसवी असते गरमी, म्हणजे सिफिलिस. संपर्कानंतर बहुधा तीनेक आठवड्यांनी एक व्रण उठतो. तो दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येतो. माणसाला वाटतं, गेलं एकदाचं. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येतं, तेही जातं. जंतू मात्र शरीरातच राहतो आणि काही जणांत कित्येक वर्षांनी हृदयावर, मेंदूवर घाला घालतो. गरोदर बाईकडून तो बाळापर्यंत पोचतो. म्हणून सरकारी दवाखान्यात गरोदरपणी एचआयव्हीबरोबर याचीही रक्ततपासणी करतात. माझ्या मते नवऱ्यानेही त्याच दिवशी बाही वर करायला हवी. वेळेत सापडली तर गरमी पेनिसिलिनने बरी होते.

क्लॅमिडिया हा जंतू तर बहुतेक बायकांत काहीच खूण दाखवत नाही. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीरोगाचा तेलकट डाग पानावर उमटतो, तेव्हा बुरशी आत कधीच शिरलेली असते. तसाच हा जंतू गुपचूप गर्भनलिकांपर्यंत जाऊन वंध्यत्व आणू शकतो. एचआयव्ही आणि गरमीच्या रक्ततपासणीत तो दिसत नाही. त्यासाठी लघवीचा किंवा योनीतल्या स्रावाचा नमुना द्यावा लागतो, तोही संपर्कानंतर साधारण दोन आठवड्यांनी. ‘सगळ्या टेस्ट केल्या’ असं कुणी म्हटलं, तर नेमक्या कोणत्या, हे विचारावं.

नवा जोडीदार, एकाहून अधिक जोडीदार किंवा जोडीदाराला संसर्ग निघणं, यातलं काहीही असेल तर त्रास नसतानाही तपासावं. निरोधाने धोका पुष्कळ कमी होतो. तरी गरमी, नागीणवर्गातला हर्पिस आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा विषाणू) न झाकलेल्या त्वचेतूनही पसरतात. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी यांवर लस आहे. व्रण, लघवीला जळजळ, पू किंवा वेगळा स्राव, ओटीपोटात दुखणं असेल, तर मात्र दिवस मोजत बसू नये.

नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र असतं. तिथे एचआयव्हीची चाचणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. जायचा धीर होत नसेल, तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. ‘पॉझिटिव्ह’चा निष्कर्षही एका चाचणीवर काढत नाहीत, वेगळ्या चाचण्यांनी पडताळतात. नियमित औषधांनी विषाणू रक्तात सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही.

चाचणी केंद्रात जाताना नाव-गावाआधी एक गोष्ट आठवून ठेवा: शेवटचा असुरक्षित संबंध आला ती तारीख. आज कोणती चाचणी करायची आणि पुन्हा कधी यायचं, हे समुपदेशक त्यावरूनच सांगतात.