अध्याहृत कण आणि मामाची मुलगी

'पंचवटीत राहणाऱ्या मामाच्या मुलीला चिवडा आवडतो.' आता पंचवटीत राहतं कोण, मामा की मुलगी? घरच्यांना हा प्रश्न पडत नाही, त्यांना दोघंही ठाऊक असतात. संगणकाला मात्र दोन्ही अर्थ काढता आले पाहिजेत. नाशिकमध्ये कॉलेज रोडला रविवारी जमणाऱ्या आमच्या छोट्या गटात सध्या हेच चाललंय: शाळेत ज्याला वाक्यपृथक्करण म्हणत, ते प्रोलॉग या संगणकाच्या भाषेत उतरवायचं. गटात एक निवृत्त भौतिकशास्त्राचे सर आहेत. त्यांना यात एवढी गोडी का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

प्रोलॉग जन्मली तीच भाषेसाठी. १९७२ च्या सुमारास मार्सेयमध्ये अ‍ॅलाँ कोलमेरोर आणि फिलिप रूसेल यांना संगणकाशी फ्रेंचमध्ये बोलायचं होतं. कोलमेरोर त्याआधी माँट्रियलला यांत्रिक भाषांतरावर काम करून आले होते. तर्काची बाजू एडिंबराच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांनी भक्कम केली. १९८० मध्ये परेरा आणि वॉरन यांनी व्याकरणाचे नियम थेट प्रोलॉगमध्ये कसे लिहायचे ते नीट मांडलं. नियम लिहिला की तोच संगणकाचा प्रोग्राम. वाक्य लावताना प्रोलॉग एक वाट धरते, ती अडली की मागच्या फाट्यावर येऊन दुसरी धरते. रविवार कारंजाच्या मागच्या बोळांत गाडी घातलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण मराठी इथे खोडा घालते. 'मामाच्या मुलीच्या मैत्रिणीच्या...' ही माळ डावीकडे वाढत जाते. 'नामपद (नाम आणि त्याला जोडलेले शब्द) म्हणजे नामपद, मग च्या, मग नाम' असं सरळ लिहिलं, तर नामपद शोधायला प्रोलॉग पुन्हा नामपदच शोधायला जाते आणि एक शब्दही न वाचता गरगरत राहते. एकदा काढलेली उत्तरं तक्त्यात जपून ठेवायची सोय पुढे एक्सएसबीसारख्या प्रोलॉगमध्ये आली, तेव्हा हा फेरा तुटला. शब्दक्रमाचा प्रश्न आणखी वेगळा. 'मामाने कुत्र्याला पाहिलं' उलटं करा, तरी पाहणारा मामाच, कारण अर्थ विभक्ती धरून ठेवते. आयआयटी कानपूरला विनीत चैतन्य आणि राजीव संगल यांनी म्हणूनच पाणिनीच्या कारकांवर, म्हणजे नामांच्या क्रियेशी असलेल्या नात्यांवर, भारतीय भाषांचं पृथक्करण उभारलं. (संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा, हा अधूनमधून फिरणारा संदेश वेगळा. त्याच्याशी या कामाचा संबंध नाही.)

आता सरांचं क्षेत्र. कणभौतिकीतल्या आकडेमोडीत कणांची क्रिया दाखवणाऱ्या एका आकृतीपोटी हजारो बीजगणिती पदं निघतात, ती हाताने आवरत नाहीत. मार्टिनस वेल्टमन यांनी १९६३ मध्ये त्यासाठी 'स्खोनस्खिप' हा प्रोग्राम लिहिला. अँथनी हर्न यांचा 'रिड्यूस'ही त्याच गरजेतून, लिस्प या संगणकाच्या भाषेत आला. पदांच्या जागी नियमाने पदं ठेवत जायचं, हे काम व्याकरणासारखंच. तरी दोन्ही शाखांनी एकमेकींकडून उसनवारी केली असं म्हणणं ओढूनताणून होईल.

सरांना साम्य दिसतं ते दुसरीकडे. 'काल निफाडला गेलो होतो' यात कर्ता नाही, पण क्रियापदावरून 'मी' किंवा 'आम्ही' कळतं. मराठीच्या तासाला याला अध्याहृत म्हणायचे. बीटा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना, ऊर्जेचा हिशेब लागेना, तेव्हा १९३० मध्ये वुल्फगांग पाउली यांनी असाच एक न दिसणारा कण मानला. तोच न्यूट्रिनो. प्रयोगात तो १९५६ मध्ये सापडला. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पहिल्यांदा टिपले गेले ते १९६५ मध्ये, आणि त्यातला एक प्रयोग कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरपेक्षा खोल चालला होता. कोलारचं नाव निघालं की सर वहीत प्रोलॉगचा नियम अर्धवट सोडतात, आणि त्या रविवारी मामाची मुलगी तशीच राहते.