गेराल्टकडून सिरीकडे: ‘द विचर ४’ची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२४ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’च्या सोहळ्यात ‘द विचर ४’ या आगामी व्हिडिओ गेमचा पहिला ट्रेलर दाखवला गेला आणि २०१५ सालच्या ‘द विचर ३: वाइल्ड हंट’शी त्याची तुलना लगेच सुरू झाली. नकाशा किती मोठा असेल, ग्राफिक्स किती पुढे गेले असतील, लढाई सुधारली असेल का, याच प्रश्नांभोवती ती बहुधा फिरते. प्रश्न गैर नाहीत. मात्र तिसऱ्या भागाला जे स्थान मिळाले त्याचे मूळ कथनाच्या एका सवयीत आहे, आणि ती सवय सीडी प्रोजेक्ट रेड या पोलिश स्टुडिओला पहिल्या गेमपासूनच लागलेली आहे.

सीडी प्रोजेक्ट ही कंपनी १९९४ मध्ये वॉर्सा येथे सुरू झाली ती इतरांचे गेम पोलंडमध्ये विकण्यासाठी. १९९९ मध्ये तिने ‘बाल्डर्स गेट’ हा गेम पोलिश भाषेत, पोलिश आवाजांसह आणला, आणि स्वतःचे गेम बनवण्यासाठी २००२ मध्ये वेगळा स्टुडिओ उभा केला. आंद्झेई सापकोव्हस्की यांच्या कथांवर आधारलेला पहिला ‘द विचर’ २००७ मध्ये आला, तोही बायोवेअर या दुसऱ्या स्टुडिओकडून घेतलेल्या ऑरोरा इंजिनवर (इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते मूळ सॉफ्टवेअर). विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षसांचा बंदोबस्त करणारा; असा विचर गेराल्ट हा त्याचा नायक. हालचाली अवघडलेल्या आणि तेच ते चेहरे पुन्हापुन्हा दिसणारे असूनही या गेममध्ये एक गोष्ट पक्की होती: एका प्रकरणात घेतलेल्या निर्णयाचा परिणाम कित्येक तासांनी, पुढच्या प्रकरणात समोर येत असे. आधी जतन केलेल्या टप्प्यावर (सेव्हवर) जाऊन चूक सुधारण्याची पळवाट त्यामुळे आपोआप बंद होई. २०११ चा दुसरा भाग स्टुडिओने स्वतःच्या रेडइंजिनवर बनवला आणि त्यात ही कल्पना आणखी ताणली. रोश आणि योर्वेथ या दोन पात्रांपैकी खेळाडू ज्याची साथ देईल त्यानुसार दुसरे प्रकरण पूर्णपणे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांत घडते. एकदा खेळणाऱ्याला ज्याचा निम्मा भाग दिसणारच नाही असे प्रकरण तयार करणे हा त्या काळी मोठाच धाडसाचा निर्णय होता.

ओपन वर्ल्ड या स्टुडिओने पहिल्यांदा हाताळले ते तिसऱ्या भागात, १९ मे २०१५ रोजी. मोकळ्या नकाशात खेळाडू कुठेही, कोणत्याही क्रमाने भटकतो. अशा वेळी कथेची पकड सैल पडते, हा या प्रकाराचा जुना दोष. त्यावर ‘वाइल्ड हंट’ने काढलेला मार्ग पाहायचा असेल तर वेलेन या प्रदेशातला ‘ब्लडी बॅरन’चा क्वेस्ट (मोहीम) पाहावा. गेराल्ट आपल्या मानलेल्या मुलीच्या, सिरीच्या शोधात बॅरनच्या गढीवर येतो. सिरीची माहिती हवी असेल तर माझी बेपत्ता बायको आणि मुलगी शोधून आण, असा सौदा बॅरन मांडतो. शोध घेता घेता कळते की बॅरन दारू पिऊन बायकोला मारहाण करीत असे, तिचा गर्भ पडला, आणि विधी न करता पुरलेले ते अर्भक आता पिशाच बनून उठले आहे. येथे खेळाडूला सरळ तलवार उपसता येते, नाहीतर बॅरनला ते पिशाच हातांत उचलून घ्यायला लावता येते. दुसरा मार्ग निवडला तर पावसाळी रात्री तो थोराड, रडवेला माणूस त्याला छातीशी धरून चालतो. ते चवताळू लागले की गेराल्टला त्याला शांत करावे लागते, आणि शेवटी घराच्या उंबऱ्याशी बॅरन त्याला नाव देऊन पुरतो. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर यात चालणे, थांबणे आणि मध्येमध्ये लढणे एवढेच आहे. पुढे टेकडीवरच्या झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडायचे की मारायचे या, वरवर असंबद्ध वाटणाऱ्या निर्णयावर बॅरनच्या कुटुंबाचे आणि काही अनाथ मुलांचे भवितव्य ठरते. पहिल्या भागातली उशिरा उगवणाऱ्या परिणामांची सवय येथे पूर्ण वयात आलेली दिसते. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट गेमचा किताब आणि पुढच्या दहा वर्षांत ओलांडलेला सहा कोटी प्रतींच्या विक्रीचा टप्पा यांच्या मुळाशी अशीच लेखनाची मेहनत आहे, असे मला मनापासून वाटते.

‘वाइल्ड हंट’ निर्दोष नव्हता, हेही तुलनेच्या वेळी विसरले जाते. स्केलिगे बेटांभोवतीच्या समुद्रात, न पाहिलेल्या जागा दाखवणारी, नकाशाभर पसरलेली प्रश्नचिन्हे एकेक करून पुसत बसणे हे निव्वळ कंटाळवाणे काम होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१३ मध्ये दाखवलेली दृश्ये आणि प्रत्यक्षात हातात आलेला गेम यांत फरक असल्याची तक्रार प्रकाशनाच्या वेळी जोरात झाली आणि स्टुडिओला तिचा खुलासा करावा लागला.

तोच प्रश्न कितीतरी तीव्रतेने १० डिसेंबर २०२० रोजी आलेल्या, याच स्टुडिओच्या ‘सायबरपंक २०७७’ या गेमच्या वेळी उभा राहिला. जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर) गेमची अवस्था इतकी वाईट होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या डिजिटल स्टोअरवरून काढून घेतला. तो परत आला पुढच्या वर्षी जूनमध्ये. सप्टेंबर २०२३ मधला २.० अपडेट आणि ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार यांनी गेम सावरला, पण त्याला जवळपास तीन वर्षे लागली. इंजिन आणि गेम एकाच वेळी घडवत राहण्याची पद्धत स्टुडिओला जड जात होती. मार्च २०२२ मध्ये नव्या विचर मालिकेची घोषणा झाली, तेव्हाच रेडइंजिन बाजूला ठेवून एपिक गेम्सचे अनरिअल इंजिन ५ वापरण्याचा निर्णयही जाहीर झाला. माणसेही बदलली आहेत. तिसऱ्या भागाचे दिग्दर्शक कोनराड तोमाश्केविच २०२१ मध्ये स्टुडिओतून बाहेर पडले. चौथ्या भागाचे दिग्दर्शन सेबास्टियन कालेंबा करीत आहेत.

या पार्श्वभूमीवर जून २०२५ मध्ये एपिकच्या ‘अनरिअल फेस्ट’ या कार्यक्रमात दाखवलेल्या तांत्रिक प्रात्यक्षिकाकडे पाहायला हवे. आधीच्या गेममध्ये कधीच न दिसलेला कोव्हिरचा डोंगराळ प्रदेश, वाल्ड्रेस्टच्या बंदरातला गजबजलेला बाजार आणि केल्पी घोडीवर स्वार झालेली सिरी, हे सारे साध्या प्लेस्टेशन ५ वर, सेकंदाला ६० फ्रेम्सच्या गतीने चालत होते. आधी पीसीसाठी बनवून मग कन्सोलसाठी काटछाट करण्याची जुनी रीत सोडून या वेळी कन्सोल हाच पाया धरला आहे, असे स्टुडिओने सांगितले. २०२० चा धडा गांभीर्याने घेतल्याची ही खूण आहे. मात्र ते इंजिनाचे प्रात्यक्षिक होते, गेमचा तुकडा नव्हे, हे स्टुडिओने स्वतःच स्पष्ट केले होते. २०१३ चा अनुभव लक्षात ठेवून वाचकांनीही ते तसेच घ्यावे.

सर्वांत मोठा बदल अर्थात नायिकेचा आहे. तिसऱ्या भागात सिरी काही छोट्या प्रसंगांत खेळायला मिळत होती आणि तिचे काय होणार हे खेळाडूच्या वागण्यावर ठरे: ती विचर होई, सम्राज्ञी होई किंवा परत येतच नसे. आता तिने ‘ट्रायल ऑफ द ग्रासेस’ नावाचे, माणसाला विचर बनवणारे जीवघेणे दिव्य पार केले आहे आणि तिचे डोळे मांजरासारखे झाले आहेत. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या त्या तीन शेवटांपैकी एकाच्या वाटेने ही कथा पुढे जाते. ज्या खेळाडूंनी तिला सिंहासनावर बसवले होते त्यांना हे कसे पटवून द्यायचे, ही लेखकांपुढची खरी अडचण आहे.

ट्रेलरमध्ये निदान एक आश्वासक गोष्ट आहे. राक्षसाला बळी देणाऱ्या गावातली मिओनी नावाची मुलगी सिरी वाचवते, तिला घरी पाठवते, राक्षसाला मारते आणि परत येते तो गावकऱ्यांनीच मिओनीला मारलेले असते. राक्षस संपला तरी गावाची श्रद्धा संपत नाही, हे सहा मिनिटांत सांगणारा हा प्रसंग बॅरनच्या गढीच्या अगदी जवळचा आहे. फक्त येथे खेळाडूच्या हातात काहीच नव्हते. मिओनीला घरी पाठवायचे की सोबत ठेवायचे हे गेममध्ये आपल्याला ठरवता येईल का, आणि ठरवले तर त्याचा हिशेब किती तासांनी समोर येईल, हे २०२६ संपण्यापूर्वी कळणार नाही; त्याआधी गेम आणण्याचा आपला बेत नसल्याचे कंपनीने जाहीरच केले आहे.