पर्वतीय गोरिला आणि मानवसाम्य

पर्वतीय गोरिला (गोरिला बेरिंगेई बेरिंगेई) ही पूर्वेकडील गोरिलाची उपजाती असून ती रवांडा, युगांडा व काँगो लोकशाही प्रजासत्ताक यांच्या सीमेवरील विरुंगा ज्वालामुखी पर्वतरांगेत आणि युगांडातील ब्विंडी अरण्य परिसरात आढळते. जर्मन अधिकारी रोबेर्ट फोन बेरिंगे याने १९०२ मध्ये साबिन्यो पर्वतावर मारलेल्या प्राण्यावरून पाउल माट्शी या प्राणिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये तिचे वर्णन केले. ब्विंडीतील गोरिलांना या उपजातीत धरावे की नाही, अशी शंका १९९६ मध्ये काही अभ्यासकांनी घेतली होती. सामान्यतः त्यांचा समावेश हिच्यातच करतात.

माणूस आणि गोरिला यांच्या वंशशाखा केव्हा विलग झाल्या, याबाबत एकमत नाही. गोरिलाचा जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडा) २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ही फारकत सुमारे १ कोटी वर्षांपूर्वीची असावी असे अनुमान करण्यात आले. मात्र असे अनुमान उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकीय द्रव्यात होणाऱ्या बदलांचा, वेग किती धरला यावर अवलंबून असते. इथिओपियात सापडलेले व २००७ मध्ये जाहीर झालेले चोरोरापिथेकस या लुप्त कपीचे दात गोरिलाच्या पूर्वजाचे मानावेत, असे त्यांच्या संशोधकांचे मत आहे; त्यांचे वय प्रथम १ कोटी वर्षांहून थोडे अधिक सांगितले गेले, पण पुढे ते सुमारे ८० लाख वर्षांवर आणण्यात आले. केवळ दातांवरून वंश ठरविणे जोखमीचे असल्याने जनुकीय पुराव्याला अधिक वजन देणे योग्य दिसते. चिंपँझी हाच माणसाचा निकटतम आप्त होय. तथापि जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात माणूस व चिंपँझी परस्परांना जितके जवळ आहेत, त्याहून गोरिला त्यांपैकी एकाला अधिक जवळ आहे. म्हणून साम्याचा एकच टक्का सांगणे दिशाभूल करणारे ठरते. उपरोक्त जीनोम पश्चिमेकडील गोरिलाच्या एका मादीचा होता. पर्वतीय गोरिलांचे जीनोम २०१५ मध्ये अभ्यासले गेले व त्यांत दीर्घकालीन अंतःप्रजननाच्या (जवळच्या नात्यातील प्रजननाच्या) खुणा आढळल्या.

गोरिलाची गुणसूत्रे ४८, तर माणसाची ४६ असतात, कारण पूर्वजांतील दोन गुणसूत्रे जुळून माणसाचे दुसरे गुणसूत्र बनले आहे. पर्वतीय गोरिलाच्या पायाचा अंगठा सखल प्रदेशातील गोरिलांपेक्षा इतर बोटांच्या अधिक जवळ असतो. हे मानवी पायाशी असलेले साम्य समान वारशाने आले, असे मानण्यापेक्षा जमिनीवरील वावरामुळे स्वतंत्रपणे आले असे मानणे सयुक्तिक वाटते. बोटांच्या पेरांवर टेकून चालण्याची लकब समान पूर्वजात होती, की गोरिला व चिंपँझी यांच्यात निरनिराळी उद्‌भवली, हाही वादाचा विषय आहे.

पर्वतीय गोरिलाचा गर्भावधी सुमारे साडेआठ महिन्यांचा असतो. साधारणतः एकच पिल्लू होते व दोन जन्मांत सुमारे चार वर्षांचे अंतर राहते. अमेरिकी संशोधिका डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडातील कारिसोके येथे संशोधनकेंद्र स्थापन केले; तेथे नाकावरील सुरकुत्यांच्या रचनेवरून प्रत्येक प्राणी ओळखला जाई, जसा माणूस बोटांच्या ठशांवरून ओळखला जातो. तेथील दीर्घकालीन नोंदींवर आधारित २०२१ च्या अभ्यासानुसार, दोन वर्षांवरील पिल्लांची आई गेली तरी त्यांच्या जगण्याची शक्यता घटलेली दिसली नाही, कारण कळपातील इतर गोरिला, विशेषतः रुपेरी पाठीचा प्रमुख नर, त्यांना जवळ करतात. परस्परांच्या आधारावर उभा असलेला हा कुटुंबव्यवहार मानवसाम्याचा सर्वांत हृद्य भाग होय.

माणसाशी असलेल्या याच जवळिकीमुळे माणसाचे श्वसनरोग गोरिलांना जडतात. २००९ मध्ये रवांडातील एका कळपात अशी साथ पसरून दोन गोरिला दगावले. त्यांच्यात मानवी मेटान्यूमोव्हायरस हा श्वसनरोगाचा विषाणू आढळला. २०१५ ते २०१८ च्या गणनांनुसार पर्वतीय गोरिलांची संख्या १,०६३ होती आणि २०१८ मध्ये त्यांचा दर्जा 'अतिसंकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा सुधारला. एवढ्या लहान समूहाला एखादी साथही भारी पडू शकते, म्हणून पर्यटकांनी किमान ७ मीटर अंतर राखण्याचा नियम करण्यात आला. कोविड-१९ च्या काळात हे अंतर १० मीटर करण्यात आले व मुखपट्टी आवश्यक ठरविण्यात आली.