मोहल्ला समिती

मोहल्ला समिती : शहरातील एखाद्या वस्तीत राहणारे निरनिराळ्या धर्मांचे लोक आणि त्या वस्तीचे पोलीस यांनी नियमितपणे एकत्र बसून तंटे, अफवा व सणासुदीचे ताण जागच्या जागी मिटवण्याची व्यवस्था. बोलण्यात ‘मोहल्ला कमिटी’ हेच नाव रूढ आहे. मूळ अरबी ‘महल्ला’ (उतरण्याची, मुक्कामाची जागा) हा शब्द फार्सी-उर्दूमार्गे मराठीत आला.

उगम : याविषयी एकमत नाही. काही लेखक या समितीचा संबंध मराठेशाहीतील गोतसभा व पंचायतींशी जोडतात. तंटा आपल्याच लोकांत तोडावा ही वृत्ती दोन्हींत दिसते. परंतु गोतसभा वतनदारांची होती आणि तिच्या निवाड्याला राजसत्तेचा आधार होता. मोहल्ला समितीला निवाडा देण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे हा संबंध ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. दुसरे मत तिला पोलीस ठाण्यांच्या जुन्या शांतता समित्यांचा (‘अमन कमिटी’) विस्तार मानते. तिसऱ्या मतानुसार तिची सुरुवात १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईत झाली. परंतु मुंबईशेजारच्या भिवंडी शहरात अशा समित्या त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या; उपलब्ध पुरावा पाहता भिवंडीचा अग्रमान मान्य करणे अधिक सयुक्तिक ठरते.

यंत्रमागांच्या या शहरात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी मोठी दंगल झाली. तिची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपातावर स्पष्ट ठपका ठेवला. मे १९८४मध्ये शहर पुन्हा पेटले. त्यानंतर, साधारण १९८८च्या सुमारास, तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी या समित्या बांधायला घेतल्या. शांतता समितीत पुढारी व प्रतिष्ठित मंडळी असत आणि ती बहुधा तणाव निर्माण झाल्यावर बोलावली जाई. खोपडे यांनी हा क्रम उलटा केला. समितीत साधी माणसे घेतली, बैठका शांततेच्या काळात ठेवल्या आणि वस्तीशी नाते जोडण्याचे काम खालच्या पोलीस शिपायाकडेही दिले. जो शिपाई एरवी बंदोबस्तापुरताच दिसे, तो आता नावानिशी ओळखीचा झाला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी या शांततेचे श्रेय समित्यांमुळे जुळलेल्या आंतरधर्मीय संबंधांना दिले आहे. एवढ्या एका कारणाने सारे उलगडते असे नव्हे. तरी १९७० आणि १९८४चा अनुभव असलेल्या शहरात हे घडले, याचे मोल फार मोठे आहे.

मुंबईतील रूप : श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार मुंबईच्या दंगलींत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली; पुढे तिला न्यासाचे स्वरूप आले. भिवंडीत पुढाकार पोलिसांचा होता, मुंबईत तो नागरिक आणि पोलीस यांचा संयुक्त होता. हा फरक अनेक लेखनांत पुसला जातो.

कायदेशीर स्थान : समिती कोणत्याही अधिनियमाने स्थापन झालेली नाही. तिला कोणाला हजर करण्याचा, दंड करण्याचा वा शिक्षा देण्याचा अधिकार नाही. तिचे खरे क्षेत्र अदखलपात्र तक्रारींचे. अशा तक्रारीचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय करता येत नाही (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १५५, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७४). नळावर शिवीगाळ झाली, बाई ठाण्यात गेली, तर ‘एनसी’ची (अदखलपात्र तक्रारीची) नोंद होते आणि ती कागद घेऊन घरी परतते, भांडण दुसऱ्या दिवशी त्याच नळावर उभेच असते. ते वाढून चाकूपर्यंत जाऊ नये म्हणून दोन्ही घरांना समोरासमोर बसवणे, हे काम समिती करू शकते. दखलपात्र गुन्ह्यात मात्र गुन्हा नोंदवणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. तेथे समितीची मध्यस्थी त्याची जागा घेऊ शकत नाही.

पोलीस पंचायत : हा याच कल्पनेचा झोपडपट्ट्यांतील अवतार. पोलीस आयुक्त अ. ना. रॉय आणि झोपडपट्टीवासीयांचे नेते जॉकिन अर्पुथम यांच्या सहकार्याने तो आधी पुण्यात आणि २००४च्या सुमारास मुंबईत सुरू झाला. पंचायतीत वस्तीतील १० जण असत : ७ स्त्रिया व ३ पुरुष. दारू, मारहाण आणि पाण्यावरची भांडणे यांची झळ बायकांनाच आधी लागते, हे ध्यानात घेतले तर हे प्रमाण किती विचारपूर्वक ठरवलेले होते ते कळते.

मर्यादा : समिती अनेकदा एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर चालते आणि त्याची बदली झाली की बैठका विरतात. काही ठिकाणी ठाण्यात वजन असलेले मध्यस्थच सदस्य होऊन बसतात, हा आक्षेपही रास्त आहे. घरगुती हिंसाचारात ‘मिटवून घ्या’ असा दबाव दुबळ्या बाजूवरच पडतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील संरक्षण तडजोडीच्या बैठकीतून मिळत नाही. जुलै २००६मध्ये खुद्द भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे आणि त्यानंतरच्या हिंसाचारात दोन पोलीस मरण पावले. हा दोन धर्मांमधला दंगा नव्हता. वाद वस्ती आणि पोलीस यांच्यात होता, आणि तोही ठाण्याच्याच जागेवरून.